आत्याबाईंच्या हातावरची जांभळं

“अगं, हात सैल सोड की म्हातारे! का दगडाचा केलायस?” असं म्हणत हिरा कासारणीनं आत्याबाईंचा अंगठा आत दुमडला आणि हिरवी बांगडी बोटांच्या सांध्यांवरून हलकेच वर सरकवली.

“सैल सोडला तर बांगडी ठिवून हातच घिऊन जाशील तू,” आत्याबाई म्हणाल्या.

सोप्यातल्या बाया खदखदल्या. आदल्या दिवशी गणपती बसले होते, गौरी यायच्या होत्या, आणि गौरीच्या आधी हिरा बांगड्या भरायला यायचीच. सगळी आळी आमच्याच सोप्यात जमायची, कारण आत्याबाईंच्या, म्हणजे माझ्या सासूबाईंच्या तोंडात गाणं कधी झोपत नसे. बांगड्या भरता भरता गाणं निघायचं, गाण्यात एखादीच्या नवऱ्याचं नाव यायचं, आणि ती बिचारी लाजून पदराआड जायची.

त्या दिवशी हिरानं नीट हात धरता यावा म्हणून आत्याबाईंचा पदर बाजूला केला, बाही कोपराच्या वर सारली, आणि हसणं थांबलं.

कोपरापासून मनगटापर्यंत डागच डाग. काही ताजे, पिकल्या जांभळासारखे. काही जुने, कडेनं पिवळे पडत चाललेले. मनगटाभोवती तर जणू कुणी निळ्या दोऱ्याचं कडं बांधलं होतं.

माझी नणंद, रत्नावन्सं, गणपतीसाठी माहेरी आली होती. ती सांगलीला शाळेत शिकवायची, आणि घरात बोलतानाही तिच्या आवाजात खडू असायचा.

“आई, हे काय? कुणी केलं?”

आत्याबाईंनी एकदा माझ्याकडं पाहिलं. मग पदर हातांवर ओढून घेतला. “काय न्हाई. लागलं आसंल कुठंतरी.”

“कुठंतरी म्हणजे कुठं? दोन्ही हातांना?”

“म्हाताऱ्या माणसाला घर सगळीकडनं लागतंय, बाई.”

एरवी या बोलण्यावर सोपा दणाणला असता. आता कुणी हसलं नाही. शेजारच्या शालनला एकाएकी खोकला आला. पलीकडच्या दोघी आपल्या नव्या बांगड्या जन्मात पहिल्यांदाच बघितल्यासारख्या बघत बसल्या. माझ्या डोळ्याला डोळा कुणी देईना. मला वाटलं, झाला यांचा निवाडा. सासू म्हातारी, घरात सून एकटी, सासूच्या हातावर निळे डाग. अजून काय सांगायचं राहतं?

हिरा गेली, बाया पांगल्या. मी आत करंज्यांचं सारण परतत होते. वन्सं उंबऱ्यात येऊन उभी राहिली.

“अनसूया, खरं सांग.”

एरवी ती मला वहिनी म्हणायची. त्या दिवशी नावानं हाक मारली, तेव्हाच मला कळलं की आज मी फळ्यासमोर उभी आहे.

“वन्सं, मला खरंच म्हाईत न्हाई. डाग दिसत्यात तवाधरनं इचारती. म्हणत्यात, दार लागलं.”

“आणि तू विश्वास ठेवलास?”

“सासूवर न्हाई तर कुणावर ठिवू?”

“तू कधी जोरात धरलंस तिला? न्हाणीतून आणताना? मुद्दाम नाही म्हणत मी. घाईत?”

माझ्या हातातलं उलथनं तिथंच थांबलं. कारण तोच प्रश्न मीच मला विचारून थकले होते. मागच्या उन्हाळ्यात आत्याबाईंना काळजाचं दुखणं झालं, तेव्हापासून अंगणवाडीच्या कामाला जायच्या आधी त्यांना न्हाणीतून मीच दंडाला धरून आणायची. डाग दिसायला लागले तशी मला माझ्याच हातांची भीती वाटायला लागली. मग मी त्यांना धरणंच सोडलं. नुसती शेजारून चालायची, पडल्या तर झेलू म्हणून हात पसरून, पिलाला राखणाऱ्या कोंबडीसारखी. एकदा त्या म्हणाल्यासुद्धा, “का गं अनसे, मला काय करंट लागतोय?”

हे सगळं वन्संला सांगावं असं वाटलं. पण खरं सांगितलं तरी ते कबुलीजबाबासारखंच ऐकू आलं असतं.

“गौरी बोळवल्या की आईला मी सांगलीला नेते,” ती म्हणाली. “कायमची.”

घरधनी संध्याकाळी कारखान्यातून आले. त्यांनी बहिणीचं ऐकलं, माझं ऐकलं, टोपी डोक्यावर घातली आणि “म्हशीकडं बघून येतो” म्हणून गेले. त्या आठवड्यात आमच्या म्हशीकडं फार बघितलं गेलं. मामंजींना ऐकू कमी यायचं, त्यामुळं घरात तेवढे एकटे सुखी होते.

मी पाळण्यात असतानाच माझी आई गेली. लग्न होऊन या घरात आले तेव्हा मला धड भाकरी येत नव्हती आणि गाणं तर मुळीच नाही. आत्याबाईंनी मला दोन्ही एकाच परातीत शिकवलं. पीठ मळताना ओळ द्यायच्या, भाकरी थापताना मी ती पुरी करायची. ओळ चुकली तर भाकरी फाटते, असं त्या सांगायच्या, आणि मला ते कितीतरी वर्षं खरं वाटायचं. आता त्या सांगलीला गेल्या असत्या, तेही माझ्या हातून मार खाऊन गेल्या असं गावानं म्हटलं असतं. माझी दुसरी आई अशी जायची होती.

त्या संध्याकाळपासून वन्संनं आईचा ताबा घेतला. “आता माझ्या हातानं बघते मी,” म्हणाली. तेलात हळद टाकून गरम केली आणि आईचे हात चोळायला बसली. आमच्याकडं मुका मार लागला की चोळायचं, जितकं जास्त चोळाल तितकी माया जास्त. वन्संची माया तर तांब्यापितळेला लखलखाट आणील अशी.

“हळू गं रत्ने! मी काय दिवाळीची समई हाय?”

“रक्त मोकळं व्हायला नको?”

सकाळी न्हाणीतून अंगणात आणताना वन्संनं आईचा दंड घट्ट धरला होता. ओली फरशी, म्हातारं माणूस; कुणीही धरलं असतं. दोघी उन्हाला बसल्या. थोड्या वेळानं मी चहा घेऊन गेले, तर वन्सं आईचा हात मांडीवर घेऊन नुसती बघत होती.

आदल्या रात्री जिथं जिथं चोळलं होतं तिथं नवी जांभळं पिकली होती. आणि दंडावर चार बोटं उमटली होती, एका बाजूला अंगठा. वन्संनं हळूच आपली बोटं त्या डागांवर ठेवली. बोटाला बोट बसलं.

“ही माझी बोटं आहेत,” ती म्हणाली. तिच्या आवाजातला खडू पार विरघळून गेला होता.

आत्याबाई मात्र मजेत होत्या. चहाचा घोट घेऊन त्यांनी तिथल्या तिथं ओवी जोडली:

“पिकल्या अंगावर, जांभूळ गं पिकलं,
मायेनं धरलं तिथं, रगत साकळलं.”

“गाणं पुरे,” वन्सं उठली. “डॉक्टरकडं चला. वहिनी, तूही चल.”

वहिनी म्हणाली म्हणून मी चपला शोधायला धावले.

तालुक्याच्या गावी मगदूम डॉक्टरीणबाई होत्या. काळजाच्या दुखण्यापासून आत्याबाईंचं औषधपाणी त्याच बघायच्या. जाड भिंगांचा चष्मा, आणि बोलणं असं की पेशंट आजार विसरून गप्पाच मारत बसावा. त्यांनी दोन्ही हात उजेडाकडं फिरवून पाहिले. हिरड्या पाहिल्या, पोट दाबून पाहिलं, शौचाला काळं होतं का विचारलं, आणि तपासायला रक्त घेतलं.

“वाकळ जुनी झाली की काय होतं हो आजी?” त्यांनी विचारलं.

“आतल्या चिंध्या विरत्यात. दोरा वर येतोय.”

“तेच झालंय. कातडी पातळ झाली, तिच्या खालची गादी गेली. आत केसासारख्या बारीक शिरा असतात, त्यांना आता कुणाचा आधार नाही. जरा दाबलं की फुटतात आणि रक्त कातडीखाली पसरतं. त्यात तुमचे हात जन्मभर उन्हात राबलेले. आणि काळजासाठी जी गोळी दिलीय ती रक्त पातळ ठेवते, म्हणून डाग मोठा दिसतो आणि रेंगाळतो.”

“मग ती गोळी बंद करू?” वन्संनं विचारलं.

“मला विचारल्याशिवाय मुळीच नाही. डाग दिसायला वाईट, पण ती गोळी यांना जगवतेय. आणि हे चोळलं कुणी?”

वन्संनं वर्गातल्या पोरीसारखा हात अर्धा वर केला.

“चोळायचं नाही. मार लागला की लगेच गार पाण्याची घडी ठेवा, हात जरा उंच ठेवा, बस्स. अंघोळ झाली की अंग ओलसर असतानाच खोबरेल लावा, नुसतं फिरवायचं. लांब बाह्या घाला. आणि धरायचं तर असं.” त्यांनी आपला तळवा आत्याबाईंच्या कोपराखाली पसरला. “आवळायचं नाही. त्यांनी आपल्या हातावर टेकायचं.”

माझ्या छातीवरचा धोंडा हलला. वन्संनं माझ्याकडं पाहिलं, काहीतरी बोलायला तोंडही उघडलं. एवढ्यात बाईंनी चष्मा कपाळावर सारून आत्याबाईंची मनगटं पुन्हा जवळ घेतली.

“पण हे मला निराळं दिसतंय. दोन्ही मनगटांना अगदी सारखं, गोल. जुन्यावर नवं, नव्यावर नवं. हे असं दाराला लागून होत नाही. रोजच्या रोज कुणीतरी धरतंय यांना. आणि चांगलं आवळून.”



“आई, कोण?”

आत्याबाई पायाच्या अंगठ्यानं फरशी उकरत राहिल्या.

“आई, मी विचारतेय.”

“असू दे की. बरं हुतंय सगळं.”

वन्सं उठली. यावेळी तिनं माझ्याकडं पाहिलंही नाही. “गौरीपर्यंतसुद्धा थांबत नाही मी. इथून स्टँडवर, आणि स्टँडवरून सांगली. पातळं मी नवी घेईन. चल आई.”

 रडून उपयोग नव्हता, शपथ घेऊनही नव्हता. एकच गोष्ट आठवली. मी पिशवीत हात घातला.

“गोळ्यांची डबी माझ्याकडं हाय, वन्सं. असू द्या तुमच्याजवळ. सकाळची दिलीया. रातची जेवल्यावर द्यायची, उपाशीपोटी दिली तर त्यांना मळमळतंय. आणि शेंगदाण्याएवढा गुळाचा खडा द्या संगं, तवाच घेत्यात.”

वन्संनं डबी घेतली. मी मागं फिरले.

“थांब अनसे,” आत्याबाई म्हणाल्या. मग तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटल्या.

“काय?” वन्सं.

“फुगडी.”

“काय फुगडी?”

“फुगडी खेळती मी!” आत्याबाई असल्या ओरडल्या की बाहेर बसलेल्या पेशंटांपैकी कुणीतरी आत डोकावलं. “शालीच्या मंडळात. दुपारी समाजमंदिरात. अनसी अंगणवाडीला गेली की मी जाती. झालं समाधान?”

डॉक्टरीणबाईंनी रुमाल तोंडाला लावला.

“तुला दुखण्यातून उठवायला किती... तुला जड कामं करू नको म्हणून सांगितलंय ना?” वन्सं कडाडली.

“फुगडीत काय जड हाय? त्यात उचलायचं काय नसतंय, अंग सोडून द्यायचं असतंय. ऊठ. हात दे. असं न्हवं, फुली घालून. हां. आता मनगट धर.”

वन्संनं यंत्रासारखं धरलं. तिची बोटं बरोबर त्या निळ्या कड्यावर पडली.

“गौरीनंतर तालुक्याला स्पर्धा हाय,” आत्याबाई आता पाण्याला वाट मिळावी तशा बोलत सुटल्या. “त्या पोरींना पाऊल म्हाईत न्हाई, गाणं म्हाईत न्हाई. झिम्म्यात सिनेमाचं गाणं म्हणाय लागल्या. माझ्यासंगं जाणारी गाणी हायती ही. म्हटलं, दाखवावं. दाखवाय गेले आणि पायच थांबंनात, बघ. सगळ्यांस्नी शपथ घातली. अनसीला कळलं की रत्नीला कळंल, रत्नीला कळलं की मला खुर्चीत बसवंल.”

आता मला शालनचा खोकला कळला. त्या सोप्यात कुणी माझा निवाडा केला नव्हता. आळीतल्या सगळ्या बाया शपथ गिळून बसल्या होत्या.

“आणि काल सगळ्यांसमोर तू हिला तशीच उभी राहू दिलीस?” वन्सं म्हणाली. पहिल्यांदाच ती माझ्या बाजूनं रागावली होती.

आत्याबाईंचा आवाज उतरला. “आप्पलपोटी झाले गं मी. वाटलं, लेकीचा राग म्हंजी दूध उतू जाणं, फुंकर घातली की बसतोय. स्पर्धा हुईस्तवर दम काढू, मग सांगू. पर हिनं ती डबी काढली...” त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि पुढची ओळ त्यांना सापडली नाही. ज्यांना कधी ओळ अडली नाही, त्यांना.

“बाई, खेळू का मी?” त्यांनी डॉक्टरीणबाईंना विचारलं.

बाई आता हसत नव्हत्या. “नाही आजी. चालायचं, फिरायचं, गिरकी नाही. या गोळीवर असताना पडलात आणि डोक्याला लागलं, तर आतलं रक्त लवकर थांबायचं नाही. डोक्याला लागलं तर जखम दिसो न दिसो, धावत दवाखान्यात यायचं. तिघींनी लक्षात ठेवा.”

आत्याबाईंनी मान हलवली. खरं बोललं की हे हातचं जाणार, हे त्यांना आधीपासून ठाऊक होतं.

“आणि गाणं?”

“गाण्यानं कुणाच्या अंगावर जांभळं उठल्याचं मी तरी ऐकलं नाही.”

वन्संनं गोळ्यांची डबी परत माझ्या पिशवीत टाकली. “मला गुळाचं लक्षात राहायचं नाही,” एवढंच म्हणाली. दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना आत्याबाईंच्या एका कोपराखाली तिचा तळवा होता, एका कोपराखाली माझा.

रक्ताचा रिपोर्ट चांगला आला. गौरी आल्या. त्या गडबडीत वन्संनं आपलं मऊसूत झालेलं सुती पातळ कापलं आणि मी त्याच्या लांब बाह्या शिवल्या. देव्हाऱ्याच्या, पलंगाच्या आणि दळणाच्या डब्याच्या कोपऱ्यांना आम्ही चिंध्या गुंडाळल्या. मामंजींनी विचारलं, “हे काय चाललंय?” वन्सं त्यांच्या कानात ओरडली, “आईला लागू नये म्हणून!” ते म्हणाले, “मग तिच्या तोंडाला गुंडाळा, आम्हांला लागतंय ते.” शालन येऊन माझ्यासमोर कान धरून उभी राहिली. “वैनी, म्हातारीनं मारुतीची शपथ घातली हुती वं!” मी तिला करंजी दिली आणि पाठीत एक धपाटा. धपाटा तिच्या कातडीला सोसणारा होता.

स्पर्धेला आम्ही सगळ्या गेलो. हायस्कूलचं मैदान, मांडव, गावोगावच्या बाया नऊवारी कासोटा घालून आलेल्या. मंडळाच्या मधोमध खुर्ची टाकून आत्याबाईंना बसवलं होतं, हातांवर नव्या बाह्या. झिम्मा झाला. आत्याबाईंनी ओळ टाकायची, पोरींनी झेलायची. माझ्या शेजारी वन्सं पर्स मांडीवर घेऊन ताठ बसली होती, पण तिचा पाय ठेका धरत होता.

मग फुगडी आली. जोड्या उभ्या राहिल्या, आणि एक जागा रिकामी. शालनसमोर आत्याबाई उभ्या राहायच्या होत्या.

शालन घाबरून खुर्चीकडं बघायला लागली. खुर्चीतून हुकूम आला. “शाले, तू सर बाजूला. अनसे! रत्ने! धरा हात!”

“मला नाही येत आता आई!” वन्सं बसल्या जागेवरून म्हणाली.

“चालाय यायच्या आधी माझ्या हाताला धरून फुगडी खेळलीस तू. ऊठ!”

सगळा मांडव बघत होता. वन्संनं पर्स खाली ठेवली. आम्ही समोरासमोर उभ्या राहिलो, फुली घालून हात धरले, पाऊल जुळवलं, अंग मागं टाकलं. आणि आत्याबाईंनी सूर लावला, कुणीही न शिकवलेला, त्या घडीला जन्मलेला:

“नणंद-भावजय फुगडी खेळती,
एकीचं मनगट एकीच्या हाती,
सोडील तिच्या गं तोंडात माती!”

पोरींनी तो झेलला, मांडवानं उचलला. मैदान फिरायला लागलं. मांडवाचे खांब, पताका, खुर्ची, बाया सगळं पुसट झालं. डोळ्यांसमोर स्थिर राहिलं ते फक्त वन्संचं तोंड. केस सुटलेले, कुंकू कपाळभर पसरलेलं, आणि ती हसत होती, शाळेत जायच्या आधीच्या वयाचं हसत होती.

“वहिनी,” ती धापा टाकत ओरडली, “सोडू नको गं!”

“न्हाई सोडत,” मी म्हणाले, आणि आणखी घट्ट धरलं.